पंधरा वॅटची अट आणि सोन्याचा पिवळा

कोल्हापुरातल्या शिक्षण संस्थांच्या खरेदी समित्यांना खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकीच एका संस्थेची कोटेशन मागवणारी नोटीस ओळखीच्या हार्डवेअरवाल्यानं मला परवा दाखवली. संस्थेचं नाव मी घेत नाही, घ्यायची गरजही नाही. याच मायन्याच्या नोटिसा गावातल्या बऱ्याच संस्थांच्या फायलींत सापडतील. संगणक लॅबसाठी ४० मॉनिटर हवेत. डीटीपी आणि ग्राफिक डिझाइनचे वर्ग त्याच लॅबमध्ये भरतात. अटी तीन: एलईडी असावा, १८.५ इंच किंवा त्याहून मोठा असावा आणि विजेचा वापर १५ वॅटच्या वर नसावा. शेवटी ठळक टायपात ‘ऊर्जाबचतीस प्राधान्य’. पडद्यावर चित्र कसं दिसायला पाहिजे, याबद्दल मात्र अवाक्षर नाही.

माझं लक्ष्मीपुरीत प्रीप्रेसचं काम आहे. लग्नपत्रिका, औषधांची खोकी, गुळाच्या पाकिटांची डिझाइन, गुजरीतल्या सराफांचे कॅटलॉग. फाइल तपासायची, रंग दुरुस्त करायचे, प्लेटला पाठवायची. आपल्या लॅबमध्ये शिकून बाहेर पडलेली मुलं-मुली कामासाठी पहिल्यांदा आमच्यासारख्यांचीच दारं ठोठावतात. त्यामुळे तुमच्या नोटिशीतली अट फिरून माझ्या टेबलावर येते. पत्र खुलं लिहिलं ते अशासाठी की एका संस्थेच्या कानात सांगून बाकीच्यांच्या नोटिसा बदलणार नाहीत.

विजेची काटकसर नको असं म्हणणारी मी नाही. दुकानाचं बिल मीच भरते. पण मॉनिटरमधली बरीचशी वीज ब्राइटनेस खातो आणि तुमची अट ब्राइटनेसला हात न लावता चित्राच्या दर्जालाच कात्री लावते, एवढं माझं म्हणणं आहे. ते पटवायला आधी हिशेब मांडते, कारण समितीत हिशेबाखेरीज दुसरं काही चालत नाही हे मला ठाऊक आहे.

संस्थेला कुठला दर लागतो ते बिलावर छापलेलं असतं. मी सोपं पडावं म्हणून युनिटला १० रुपये धरते. वर्षाचे कामाचे दिवस २५०, रोज ८ तास. २४ इंची साधा आयपीएस मॉनिटर (आयपीएस ही पडद्याची एक जात, तिच्याबद्दल पुढं सांगते) ढोबळमानानं २० वॅट घेतो. ४० मॉनिटरचे ८०० वॅट, म्हणजे दिवसाला ६.४ युनिट, वर्षाला १,६०० युनिट, १६,००० रुपये. आता तुमच्या अटीतले १५ वॅटचे घ्या. वर्षाला १,२०० युनिट, १२,००० रुपये. वाचले ४,०००. मॉनिटरमागे वर्षाला १०० रुपये.

आता त्याच लॅबमध्ये संध्याकाळी सहानंतर डोकावून बघा. एसी बंद, ट्यूबलाइट बंद, दाराला कुलूप, आणि आत पडद्यांवर संस्थेचं बोधचिन्ह इकडून तिकडे फिरतंय. स्क्रीनसेव्हर लावला म्हणजे मशीन झोपलं, अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे. स्क्रीनसेव्हर निघाला तो जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरसाठी, एकच चित्र तासन्‌तास राहून आतला फॉस्फर जळू नये म्हणून. आजच्या एलसीडीत बोधचिन्ह फिरत असताना मागचा दिवा पूर्ण पेटलेला असतो. ४० मॉनिटर, १६ तास: रात्रीत १२.८ युनिट. २५० रात्रींचे ३,२०० युनिट, म्हणजे ३२,००० रुपये. दिवसभर पोरं शिकताना जेवढी वीज लागते तिच्या दुप्पट, रिकाम्या खोलीत. सीपीयू चालू राहतो त्याचं मी धरलेलंच नाही.

यावर उपाय फुकटात आहे. विंडोजच्या सेटिंगमध्ये दहा मिनिटांनी पडदा बंद व्हावा अशी वेळ लावायची. स्टँडबायमध्ये आजचा बरा मॉनिटर अर्धा वॅट किंवा त्याहून कमी घेतो. शिपाईमामांनी जाताना बोर्डाचं मेन बटण बंद केलं तर तेवढाही नाही.

आणि एसी. दीड टनाचा एक एसी कॉम्प्रेसर चालू असताना दीड किलोवॅटच्या आसपास ओढतो. तुमच्या १५ वॅटच्या अटीनं दिवसाला १.६ युनिट वाचणार. लॅबमध्ये दोन एसी असतील आणि ते सकाळी तासभर उशिरा लावले तरी त्याहून जास्त वाचतील, आणि त्यासाठी कुठलं टेंडर काढावं लागणार नाही.

आता मुद्द्याचं. एलसीडी मॉनिटरमध्ये चित्र स्वतः उजेड देत नाही. पडद्यामागं पांढऱ्या एलईडींचा दिवा असतो, बॅकलाइट. त्याचा उजेड पुढं येताना पहिल्या पोलरायझरमध्ये, म्हणजे उजेड गाळणाऱ्या थरात, निम्म्याच्या आसपास मरतो. मग प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी, निळी गाळणी असते, तिथं उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग अडतो. बाकीच्या थरांत आणखी थोडा जातो. शेवटी डोळ्यांपर्यंत पोचतो तो मूळ उजेडाचा दहावा हिस्सासुद्धा नसतो. म्हणून मॉनिटरची बहुतेक वीज या दिव्यावर खर्च होते आणि म्हणूनच ब्राइटनेसचं बटण हे विजेचं खरं बटण आहे. २४ इंची मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसला २० ते २५ वॅट घेत असेल, तर ३० टक्क्यांवर आणल्यावर १२ ते १५ वर येतो. प्लगमध्ये लावायचा छोटा वॅटमीटर मिळतो, तो लावून बटण खालीवर करा. आकडा हाताबरोबर हलतो. मग काँट्रास्टचं बटण फिरवून बघा, आकडा ढिम्म.

म्हणजे तुम्ही २० वॅटचा चांगला मॉनिटर घेतला आणि ब्राइटनेस खाली आणून मॉनिटरमागे ८ वॅट वाचवले, तर वर्षाला ६४० युनिट वाचतात, ६,४०० रुपये. अट घालून ४,००० वाचत होते.

‘पण ब्राइटनेस कमी केला तर चित्र मार खाणार नाही का?’ असं कुणीतरी विचारणार. उलट आहे. ऑफिसचा साधा मॉनिटर दुकानातून येतो तेव्हा २५० निट्सच्या (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) आसपास पेटलेला असतो, कारण शोरूमच्या झगझगाटात शेजारच्यापेक्षा उजळ दिसला तरच तो विकला जातो. संगणकाच्या रंगांचं जे सर्वमान्य प्रमाण आहे, एसआरजीबी, ते १९९६ साली ठरलं तेव्हा त्यात पडद्याचा उजेड ८० निट्स धरला होता. छपाईचं काम करणारे आम्ही सहसा १०० ते १२० निट्सच्या आसपास राहतो. याहून उजळ पडद्यावर काम केलं की हमखास एक गोष्ट होते: पडद्यावर चेहरे खुललेले दिसतात आणि छापून आल्यावर काळवंडतात. पार्टी येऊन विचारते, ‘मुलगी एवढी काळी कशी आली?’ मशीनवाला शाईला दोष देतो, शाईवाला कागदाला. दोष असतो डिझाइन करणाऱ्याच्या पडद्याचा, तिथं मागं सूर्य लावून ठेवलेला असतो.

ब्राइटनेस किती ठेवायचा यासाठी यंत्र नसलं तरी चालतं. एक कोरा पांढरा कागद मॉनिटरशेजारी उभा धरायचा, पडद्यावर कोरं पान उघडायचं आणि दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस खाली आणायचा. बहुतेक लॅबमध्ये तो २५ ते ४० टक्क्यांच्या मध्ये कुठंतरी थांबेल. पहिला अर्धा तास मुलं म्हणतील पडदा अंधारा वाटतो. दुसऱ्या दिवशी कुणी काही म्हणत नाही.

पण त्या अर्ध्या तासाला एक आडकाठी आहे, ती म्हणजे खिडकी. पडद्यासमोर पश्चिमेची उघडी खिडकी असली, दुपारनंतर ऊन थेट काचेवर येत असलं, तर माणूस ब्राइटनेस शंभरवर नेणारच. त्याला दोष देता येत नाही. टेबलं अशी लावा की खिडकी मुलांच्या बाजूला येईल, समोर नको, पाठीमागं नको. पडदे लावा. चाळीस मॉनिटरच्या बजेटात जाड कापडाचे पडदे सहज बसतात आणि त्यांनी वीज दोन्हीकडून वाचते, मॉनिटरचीही आणि एसीचीही. हे कुठल्याच नोटिशीत नसतं, कारण पडदे ‘फर्निचर’ या हेडखाली येतात आणि मॉनिटर ‘आयटी’ हेडखाली. दोन हेडची मंडळी एकमेकांशी बोलत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

आता पॅनलबद्दल. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या अटीचा खरा फटका इथं बसतो.

स्वस्तातल्या १८.५ इंची मॉनिटरमध्ये अजूनही टीएन जातीचं पॅनल सर्रास असतं. त्यातून उजेड जरा सहज पार होतो, म्हणून वॅट एखाद-दोन कमी लागतात. आयपीएसमध्ये उजेड थोडा जास्त अडतो, मागचा दिवा थोडा मोठा लागतो. वरचे वॅट थोडे या कारणानं आणि बरेचसे पडद्याच्या आकारानं वाढतात. पण टीएनचा पडदा वरून पाहिला तर फिका दिसतो आणि खालून पाहिला तर काळपट. आपल्या लॅबमधल्या मॉनिटरना उंची कमी-जास्त करायची सोय नसते, ते टेबलावर बुटके बसलेले असतात. मुलं वरून पाहतात, रंग फिके दिसतात आणि ती रंग चढवत नेतात.

याचं उदाहरण माझ्याच टेबलावरचं आहे. माझ्याकडे शिकाऊ म्हणून आलेला एक मुलगा, हात चांगला, मास्किंग तर इतकं सफाईदार की केस न्‌ केस सुटा. त्याला कोल्हापुरी साजाच्या फोटोचं काम दिलं आणि घरी करून आण म्हटलं. घरी त्याच्याकडे तसाच छोटा पडदा. साजाच्या एकेका पानावर वरच्या कडेला चमक असते, खाली सावली. सोन्याचा पिवळा सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबीसर), पिवळा आणि काळा या चार शायांमध्ये, नाजूक असतो. पिवळा भरपूर, मॅजेंटा त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, आणि सायन नावाला. सायन जरा वाढला की सोन्यात हिरवट कळा येते. त्याच्या पडद्यावर खालच्या अर्ध्यातली सावली फिकी दिसत होती, म्हणून त्यानं ती गडद करायला सायन आणि काळा वाढवला. वरच्या अर्ध्यात त्याला काही करावंच लागलं नाही, तिथं आधीच गडद दिसत होतं. प्रूफ निघालं तेव्हा एकाच साजाची वरची पानं सोन्याची आणि खालची हिरवट. सराफांनी प्रूफ उजेडात धरलं आणि म्हणाले, “ताई, खालचं सोनं न्हवं हे. पितळ हाय की वो.” मुलगा फाइल उघडून म्हणत राहिला, माझ्याकडे बरोबर दिसत होतं. खोटं बोलत नव्हता तो. त्याच्याकडे बरोबरच दिसत होतं.

मी त्याला त्याच्याच पडद्यावर एक प्रयोग दाखवला, तो तुम्हीही समितीच्या बैठकीत करा. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्याच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत एकाच सपाट पिवळ्या रंगाची उभी पट्टी काढायची. टीएनवर ती वर एका रंगाची दिसते, खाली दुसऱ्या. मान वरखाली केली की रंग पट्टीभर सरकतो. मग तीच पट्टी आयपीएसवर, तिथं ती वरपासून खालपर्यंत एकाच रंगाची दिसते. कुठल्याही सदस्याला त्यासाठी संगणकातलं काही कळायची गरज नाही. आपलं गाव मटण ताजं की शिळं हे दुकानाच्या दारातून रंगावर ओळखतं, पट्टी काय अवघड आहे.

समारंभ असला की आपल्या संस्थांच्या व्यासपीठांवरून कलापूर, आपले चित्रकार आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर ही नावं आदरानं घेतली जातात. घ्यावीतच. त्याच संस्थेच्या डिझाइनच्या लॅबमध्ये पिवळा रंग वर एक आणि खाली एक दिसतो, हे मात्र कुणाला खटकत नाही. एवढं बोलून हा विषय सोडते.

डिझाइन शिकवत नसलेल्या संस्थांना वाटेल, आम्हाला काय त्याचं. तुम्हालाही आहे, रंगाचं नसलं तरी अक्षराचं. १८.५ इंची पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात, इंचाला सुमारे ८५. इंग्रजी त्यावर चालून जातं. देवनागरीत मात्र एका अक्षराच्या उंचीत वर रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार बसवायचा असतो. बारीक टायपात ऱ्हस्व-दीर्घ उकारातला फरक एखाद-दोन ठिपक्यांचा उरतो. ‘विद्यार्थी’ मधला रफार आणि शेजारची वेलांटी एकमेकांत मिसळतात. २४ इंची फुल एचडीला इंचाला ९२ ठिपके मिळतात, २७ इंची क्यूएचडीला (फुल एचडीच्या वरची पायरी) १०९. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्याकडे सुरू झालं. तेव्हापासून गावात टायपिंग, स्कॅनिंग आणि पडद्यावर बसून कागद वाचायचं काम वाढणार हे उघड आहे. त्या कामाला लागणारी मुलं तुमच्याच टायपिंगच्या वर्गातून येणार, आणि पडद्यावर प्रूफ वाचताना त्यांना ‘पुर’ आणि ‘पूर’ मधला फरक दिसला पाहिजे.

मात्र याच न्यायानं कुणी थेट फोर-के मॉनिटर मागवायला निघालं, तर मी आडवी पडेन. २७ इंचात फोर-के म्हणजे इंचाला १६३ ठिपके. ठिपके बारीक झाले की प्रत्येकातून पार होणारा उजेड कमी होतो, बॅकलाइट मोठा लागतो, संगणकाच्या ग्राफिक कार्डालाही जास्त काम पडतं. तिथं वीज खरोखर वाढते आणि शिकाऊ मुलाला त्यातून मिळणारं फारसं काही नसतं. १४४ हर्ट्झ, एचडीआर ही सगळी गेम खेळणाऱ्यांची आणि सिनेमा पाहणाऱ्यांची हौस. एचडीआर तर उजेडावरच जगतं. कुणी ओलेड, म्हणजे ज्याचा ठिपका न्‌ ठिपका स्वतःच उजळतो तो पडदा, सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा: पांढऱ्या पानावर काम करताना तो वाचवत नाही, उलट खातो, आणि खालची टास्कबार वर्षानुवर्षं एकाच जागी राहिली की तिचा डाग पडद्यावर बसू शकतो.

ओलेडवरून आठवलं. एका संस्थेत मी सूचना लावलेली पाहिली, ‘वीज बचतीसाठी सर्वांनी काळा वॉलपेपर ठेवावा.’ ओलेडच्या पडद्यावर काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका, तिथं ही युक्ती चालते. एलसीडीत काळा ठिपका म्हणजे मागचा दिवा पेटलेलाच, फक्त पुढं दार लावलेलं. वीज तेवढीच. सूचना काढून टाकावी, मुलांनी आपापल्या आवडीचा वॉलपेपर लावावा.

‘इको मोड’ आणि ‘डायनॅमिक काँट्रास्ट’ यांचंही सांगून ठेवते. इको मोड बहुतेक मॉनिटरमध्ये ब्राइटनेस खाली आणून त्याला कुलूप घालतो, टायपिंगच्या वर्गाला ठीक आहे. डायनॅमिक मात्र चित्र पाहून दिवा आपोआप खालीवर करतो. पांढरं पान उघडलं की उजळ, काळं चित्र उघडलं की मंद. वाचते थोडी वीज, पण रंगाचं काम करणाऱ्यानं मग विश्वास कशावर ठेवायचा? डिझाइनच्या लॅबमध्ये तो बंद करा आणि ब्राइटनेस हातानं ठरवून द्या.

आणि तुमच्या १५ वॅटच्या अटीतली गंमत आता लक्षात येईल. वॅट कुठल्या ब्राइटनेसला मोजायचे ते नोटिशीत लिहिलेलंच नाही. माहितीपत्रकात एक आकडा नेहमीच्या वापराचा असतो, एक जास्तीत जास्तचा, एखादा इको मोडमधला. चतुर विक्रेता सगळ्यात लहान आकडा दाखवतो आणि अट पूर्ण होते. मग तोच मॉनिटर लॅबमध्ये शंभर टक्क्यांवर चालतो. म्हणजे वीजही वाचत नाही आणि पॅनलही टीएनचं पदरात पडतं.

वॅटला महत्त्व येतं ते इन्व्हर्टरवर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरपर्यंत चढलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच पाळी आली. पाण्याबाहेरच्या भागातही वीज जायची, ती कधी येईल याचा नेम नसायचा. १२ व्होल्टच्या १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीतून प्रत्यक्षात सव्वा युनिटभर वीज हाती लागते असं धरा. सीपीयू ७० वॅट आणि मॉनिटर २० वॅट असेल तर पावणेचौदा तास. ब्राइटनेस खाली आणून मॉनिटर १० वर आणला की साडेपंधरा. एका मॉनिटरवर पावणेदोन तासांची वाढ होते, तीही बटण दाबून. तेव्हा संस्थेच्या कार्यालयात, जिथं पुराच्या दिवसांतही दाखले द्यावे लागतात, तिथल्या लोकांना हे बटण कुठं आहे ते दाखवून ठेवा.

आणखी एक मोह टाळा. ‘जुने मॉनिटर वीज खातात, सगळे बदलून टाका’ असं सांगणारे येतील. एलईडीच्या आधीचे, मागं बारीक ट्यूब असलेले सीसीएफएलचे मॉनिटर ४० वॅटच्या आसपास घेतात, हे खरं. नवा २० वॅटचा घेतला तर मॉनिटरमागे वर्षाला ४० युनिट, ४०० रुपये वाचतील. नवा ८,००० रुपयांना पडला असं धरलं तर पैसे फिटायला २० वर्षं. विजेसाठी ते बदलू नका. बदला तेव्हा, जेव्हा पडदा पिवळा पडला असेल, सुरू झाल्यावर बराच वेळ तांबूस राहत असेल, कागदाच्या पांढऱ्याशी जुळतच नसेल. बहुतेक लॅबमध्ये ती वेळ झालेलीच आहे, पण कारण नोंदवहीत बरोबर लिहा.

मग नोटिशीत काय लिहायचं? डिझाइनच्या लॅबसाठी २४ इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनल, एसआरजीबीचे किमान ९५ टक्के रंग दाखवणारा. काही माहितीपत्रकांत हे ‘एनटीएससी ७२ टक्के’ असं लिहिलेलं असतं, ते चालेल. ‘४५ टक्के’ लिहिलं असेल तर तो मॉनिटर कितीही स्वस्त असला तरी नको. उंची बदलता येणारा स्टँड. कमी ब्राइटनेसला पडदा लुकलुकणारा नसावा, म्हणजे ‘फ्लिकर फ्री’. आपण ब्राइटनेस खालीच ठेवणार आहोत, त्यामुळे हे विशेष करून बघा. मोबाइलचा कॅमेरा पडद्यावर धरला आणि काळे पट्टे सरकताना दिसले तर पडदा लुकलुकतो असं समजावं. वॅटची अट घालायचीच असेल तर जरूर घाला, पण ‘१२० निट्सला मोजलेले’ असं लिहून घाला, आणि नमुना मॉनिटर आणायला लावून तुमच्यासमोर वॅटमीटरवर मोजा. उजेड मोजायचं यंत्र नसेल तर पांढऱ्या कागदाची युक्ती वर सांगितलीच आहे. टायपिंग आणि कार्यालयासाठी रंगांची अट सैल केली तरी चालेल, आयपीएसची नको. एसआरजीबीचं माहीत नसलेला विक्रेता गप्प राहील. त्याचं कोटेशन बाजूला ठेवायला हरकत नाही.

शिवाय डिझाइनच्या लॅबसाठी एक कॅलिब्रेटर घ्या. पडद्यावर टेकवून रंग मोजणारं ते छोटं यंत्र आहे, सगळ्या मॉनिटरना एकच पुरतं. मॉनिटर अर्धा तास तापू द्यायचा, मग लावायचं. तिमाहीतून एकदा फिरवलं तरी पुष्कळ. ते वापरायला शिकलेला मुलगा माझ्याकडे आला तर पहिल्या महिन्यापासून मी त्याला पगार जास्त देईन, हे इथं लेखी देते.

ज्या संस्थेची नोटीस मी पाहिली, तिची मुदत अजून संपलेली नाही. शुद्धिपत्रक काढता येतं. मोजून बघायचं असेल तर वॅटमीटर माझ्याकडे आहे, टीएन आणि आयपीएस दोन्ही पडदेही आहेत; समितीनं लक्ष्मीपुरीत यावं, नाहीतर बोलवावं, मी सामान घेऊन येईन.

आणि जुने मॉनिटर काढलेत तर ते मागच्या दारानं भंगारवाल्याला किलोवर घालू नका. सीसीएफएलच्या त्या बारीक ट्यूबांमध्ये पारा असतो, काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये शिसं. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्राकडे द्या आणि पावती फाइलला लावा. त्यातले जे पडदे अजून कागदाच्या पांढऱ्याशी जुळतात ते मात्र काढू नका, ते ग्रंथालयाच्या कॅटलॉगच्या टेबलावर आणखी काही वर्षं आरामात चालतील.

कळावे,

आपली नम्र,
लक्ष्मीपुरीतली एक प्रीप्रेसवाली